दोन लाख की सहा लाख?

मुळशी तालुक्याचा नकाशा पुढे घेऊन बसणाऱ्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येते, ती अशी, की या तालुक्याच्या उगवतीच्या टोकास हिंजवडी आहे आणि मावळतीच्या टोकास घनगड, तैलबैला व कोराईगड आहेत. आणि या दोन टोकांमध्ये काळाचे अंतर कितीही असले, तरी दोन्हीकडे मनुष्याची प्रतिष्ठा एकाच मापाने मोजली गेली आहे, ते माप म्हणजे त्याच्या हाताखाली माणसे किती. पौड हे तालुक्याचे ठाणे या दोहोंच्या मध्ये पडते, आणि तेथेच आमचे बिऱ्हाड असल्यामुळे दोन्ही टोकांवरच्या आकड्यांची आवक आमच्या ओसरीवर नित्य होत असते. पूर्वेकडचे आकडे चिरंजीव आणतात, कारण ते हिंजवडीत नोकरीस आहेत. पश्चिमेकडचे आकडे मी बखरींतून काढीत असतो. आणि अलीकडे अतिपूर्वेकडचे, म्हणजे थेट चीन-जपानातले आकडे आमचे नातू पुरवू लागले आहेत.

नातू इयत्ता नववीत आहेत. त्यांस वाचनाची गोडी लागावी या सद्धेतूने ऐतिहासिक कादंबऱ्यांचे एक अख्खे कपाट मी राखून ठेवले होते. त्या कपाटाकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी 'किंगडम' नावाच्या एका जपानी चित्रकथेत उडी घेतली. असल्या चित्रकथेस मांगा म्हणतात. यासुहिसा हारा नामक चित्रकाराने २००६ साली 'यंग जंप' या साप्ताहिकात ती सुरू केली, तिचे सत्तराहून अधिक खंड झाले, आणि कथा अद्याप संपलेली नाही, हे ऐकल्यापासून आमच्याकडील त्रिखंडात्मक कादंबरीकारांना मी पाल्हाळिक म्हणत आलो ते बंद केले आहे. विषय आहे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील चीनचा. सात राज्ये परस्परांच्या उरावर बसली आहेत, त्यांतील छिन राज्याचा तरुण राजा सर्वांना एका छत्राखाली आणू पाहतो आहे, आणि शिन नावाचा एक अनाथ पोर जगातील सर्वश्रेष्ठ सेनापती होण्याची प्रतिज्ञा करून पायदळात दाखल होतो. पुढे तो शंभर माणसांचा नायक होतो, मग तीनशेंचा, मग हजाराचा, मग पाच हजारांचा, आणि यथाकाल सेनापती. आणि दर बढतीगणिक त्याची आरोळी अधिकाधिक मोठ्या चौकटीत मावेनाशी होत जाते.

नुसते वाचून नातू थांबते, तर या लेखाचे कारण नव्हते. परंतु त्यांनी एक दोनशेपानी वही घातली आहे. वहीत डाव्या हातास सेनापतीचे नाव. पुढे बल, बुद्धी, नेतृत्व असे तीन रकाने, प्रत्येकात शंभरांपैकी गुण. त्यापुढे 'सैन्य', आणि अगदी उजवीकडे 'निकाल'. अमक्या सेनापतीस बुद्धीत ९३ द्यावेत की ९४ यावर रात्री अकरा-साडेअकरापर्यंत भ्रमणध्वनीवरून मित्रमंडळींशी जो खल चालतो, तो ऐकला म्हणजे शालान्त परीक्षेचे परीक्षक किती उतावळे असतात याची खात्री पटते. तीस हजारांचा सत्त्याण्णव गुणी सेनापती पन्नास हजारांच्या ब्याण्णव गुणी सेनापतीस भारी पडेल काय, असल्या त्रैराशिकावर ही मुले जितकी बुद्धी खर्च करतात, तिच्या दशांशात त्यांचे बीजगणित सुटते. पण बीजगणितात कोणाचे मुंडके उडत नाही, ही त्या विषयाची मूलभूत उणीव आहे.

माझी सारी हयात सरकारी दप्तरात, खतावण्या आणि तेरजा यांच्या संगतीत गेली. त्यामुळे कोणताही आकडा दिसला की त्याखाली सही कोणाची आहे, हे पाहण्याची मला खोड जडली आहे. वही चाळून मी पहिला प्रश्न तोच केला. "एवढे दोन लाख सैन्य मोजले कोणी?"

"आजोबा, ते खरंच होतं. हिस्टरीत आहे!"

आणि खरोखरच ते इतिहासात आहे. सिमा छ्यान नावाच्या चिनी इतिहासकाराने इसवी सनापूर्वी १०० च्या सुमारास जो प्रचंड इतिहास लिहिला, त्यात लाखांखाली सहसा बोलणेच नाही. इ. स. पूर्व २६० मधील छांगपिंगच्या लढाईनंतर शरण आलेल्या चार लाख लोकांना मारले, असे तो एका वाक्यात लिहून पुढच्या कामास लागतो. परंतु त्याच ग्रंथात मनुष्यबळ आणि सेनापतीची योग्यता या विषयावरची एक कथा अशी आहे, की तिच्यापुढे नातवाची अख्खी वही कोरी वाटावी. छिनच्या राजाला दक्षिणेचे छू राज्य जिंकायचे होते. त्याने ली शिन या तरुण, तडफदार सेनापतीस विचारले, माणसे किती लागतील? तो म्हणाला, दोन लाख पुरेत. मग वांग जियान या वृद्ध सेनापतीस विचारले. तो म्हणाला, सहा लाखांखाली मी जाणार नाही. जगातील कोणताही खजिनदार जे करील तेच राजाने केले. म्हातारा आता भित्रा झाला असे म्हणून त्याने स्वस्तातली निविदा मंजूर केली. वांग जियान प्रकृतीचे कारण दाखवून आपल्या गावी जाऊन बसला, ली शिन दोन लाख घेऊन गेला आणि इ. स. पूर्व २२५ मध्ये सडकून मार खाऊन आला. तेव्हा राजा स्वतः म्हाताऱ्याच्या दारी गेला, माफी मागितली आणि सहा लाख माणसे त्याच्या स्वाधीन केली.

पुढचा भाग मला अधिक प्रिय आहे. सहा लाख फौज पाठीशी घेऊन निघालेला हा सेनानी वाटेतून राजाकडे पुनःपुन्हा जासूद पाठवू लागला, आणि प्रत्येक जासुदाबरोबर मागणी एकच: मला उत्तम जमिनी द्या, वाडे द्या, बागा द्या, मुलाबाळांची सोय करा. कोणी तरी त्यास म्हणाले, हे फारच झाले. त्यावर त्याने जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की राजा संशयी आहे; राज्याची सारी फौज माझ्या हाती आहे; मी जर काहीच मागितले नाही, तर हा गृहस्थ सगळेच घेणार असे त्यास वाटेल. इनामासाठी अर्ज करणारा मनुष्य बंड करीत नाही, हे तत्त्व ज्यास उमगले, त्याच्या बुद्धीस शंभरांपैकी किती गुण द्यावेत? इ. स. पूर्व २२३ मध्ये त्याने छू जिंकले. आमच्याकडच्या वतनदारांच्या अर्जांचे गठ्ठे ज्यांनी हाताळले आहेत, त्यांस या चिनी म्हाताऱ्याविषयी केवळ आप्तभाव वाटेल.

ही कथा मी मोठ्या उमाळ्याने नातवास सांगितली. ती संपताच त्याचा चेहरा पडला. मागाहून कळले ते असे, की दोन लाख पुरेत म्हणून सांगणारा ली शिन हाच त्या चित्रकथेतला शिन, तिचा नायक. आणि चित्रकथा अद्याप त्या पराभवापर्यंत आलेलीच नाही. बावीसशे वर्षांपूर्वी घडलेली गोष्ट मी वेळेआधी फोडली, या अपराधाबद्दल नातू दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तह झाला तो एका अटीवर. "आजोबा, आता आपले सेनापती पण वहीत टाकायचे. आकडे तुम्ही सांगायचे." मी कबूल केले, आणि सभासदांची बखर खाली काढली. कृष्णाजी अनंत सभासदांनी ती राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली, आणि शिवाजीमहाराजांच्या फौजेची रचना त्यांनी अशी स्वच्छ दिली आहे की कोणाही कारकुनाने पाठ करावी. पायदळात दहा माणसांमागे एक नाईक. पाच नाइकांवर हवालदार. दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार. दहा जुमल्यांवर हजारी. सात हजाऱ्यांवर सरनोबत. घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांचा हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी; आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद. चित्रकथेतील चिनी रचनाही शंभर, हजार, पाच हजार अशीच चढत असल्यामुळे नातू हरखले. तथापि त्या सत्तर खंडांत नालबंद कोठे आहे असे मी विचारले, तेव्हा त्यांस तो आठवेना. रसदीचे भान त्या ग्रंथकाराने ठेवले आहे, हे न्यायासाठी सांगितले पाहिजे; एका मोठ्या वेढ्याचा तर सारा डावच धान्यावर फिरतो म्हणतात. परंतु नाल कोणी ठोकायचा? पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद लिहिणारा मनुष्य लढाईचे वर्णन करीत नसेल, पण लढाई त्यास ठाऊक होती. आणि आपल्या वहीत नातू नालबंदांचा रकाना घालीपर्यंत त्यांच्या आकड्यांखाली मी सही करणार नाही, असे मी बजावले.

हे ऐकत जेवावयास बसलेले चिरंजीव मध्येच म्हणाले, "बाबा, म्हणजे मी नाईक."

हिशेब केला तो बरोबर निघाला. त्यांच्या हाताखाली दहा माणसे आहेत. त्यांच्यासारखे पाच ज्याच्या हाताखाली आहेत तो गृहस्थ हवालदार ठरला. त्या गृहस्थाची तीन पानी इंग्रजी पदवी सभासदांनी पाच अक्षरांत आटोपती केली असती. पुढे जुमलेदार आणि हजारी हेही क्रमाने सापडले. सरनोबत मात्र साता समुद्रांपलीकडे बसतात आणि मध्यरात्री पडद्यावर दर्शन देतात. ज्यांना तूर्त कोणतेच काम नाही, परंतु नव्या गिऱ्हाइकाची स्वारी निघालीच तर असावेत म्हणून पगारावर ठेवलेले असतात, अशा लोकांस हिंजवडीत 'बेंचवर आहे' असे म्हणतात. पागेत दाणावैरण खात उभ्या असलेल्या घोड्याची आणि त्यांची मनःस्थिती एकच असावी, कारण दोघांनाही एकच धास्ती, की एके दिवशी कोणी तरी येऊन मोजदाद करील. वर्षाअखेर गुण देण्याची पद्धतही तेथे आहेच. कितीही चांगली माणसे असली तरी अमुक इतक्यांना कमी गुण दिलेच पाहिजेत असा दंडक असतो म्हणे. नातवाच्या वहीत निदान ही दुष्टता नाही.

घोडदळातल्या जुमलेदारास सालीना पाचशे होन तैनात, हजाऱ्यास हजार, हे आकडे सभासदांनी दिले आहेत. चिरंजिवांनी त्यांचे आजच्या रुपयांत रूपांतर करून मागितले, तेव्हा मी विषय बदलून मोगलांकडे वळलो.

कारण मोगलांकडे आकड्यांची जी गंमत आहे ती अन्यत्र नाही. पंचहजारी म्हटला की त्याच्या पदरी पाच हजार स्वार असतीलच, अशी समजूत करून घेणारा मनुष्य दिल्लीस भोळा ठरला असता. मनसबीचा आकडा हा मुख्यत्वे मानाचा व पगाराचा आकडा. प्रत्यक्ष स्वार किती बाळगायचे याचा आकडा वेगळा. आणि ते खरोखर बाळगले आहेत की नाही हा तिसराच. हजेरीच्या दिवशी शेजाऱ्याची तट्टे उसनी आणून उभी करण्याची कला इतकी भरास आली होती, की अकबराला घोड्यास डाग देणे आणि शिपायाची चेहरेपट्टी लिहून ठेवणे हे दोन उपाय योजावे लागले. आता पुढची गोष्ट पाहा. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला, आणि त्यात संभाजीराजांना पंचहजारी मनसब देण्याचे ठरले. त्या वेळी संभाजीराजे आठ वर्षांचे होते. बालवयात हजारोंचे सेनापती होणारे नायक केवळ जपानी चित्रकारच काढू शकतो असा ज्यांचा समज असेल, त्यांनी मोगल दप्तर पाहावे. आणि पुढल्याच वर्षी, १६६६ च्या मे महिन्यात, आग्र्याच्या दरबारात महाराजांना पंचहजाऱ्यांच्या रांगेत उभे केले, तेव्हा माझा पोरगाही पंचहजारी आहे, या त्यांच्या संतापाचे मर्म एका आकड्यातच होते. नातवाने संभाजीराजांच्या नावापुढे वय ८, सैन्य ५०००, असे लिहून त्याखाली तीन उद्गारचिन्हे काढली. ती मी खोडली नाहीत.

मग आले प्रतापराव गुजर. सरनोबत, म्हणजे रीतीने पाहता हजारोंचे धनी. परंतु २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर ते चालून गेले ते सहा स्वारांनिशी, सातवे आपण. फौज मागे राहिली होती. नातवाने 'सैन्य' या रकान्यात ७ असा आकडा निमूटपणे घातला, आणि 'बुद्धी' या रकान्याकडे बराच वेळ पाहत बसून तो तसाच सोडला. वही मित्रांत फिरून परत आली, तेव्हा कोणी तरी त्या सातावर, लेखनदोष समजून, तीन शून्ये चढविली होती. बखरींतील कित्येक आकडे याच वाटेने वाढले असतील काय, असा विचार मनात येऊन गेला. शून्य ही आपल्याच देशाची देणगी असल्यामुळे तिच्या वापरात आपण कधी हात आखडता घेतला नाही.

तरी बखरकार परवडले. शाहिराच्या हाती डफ आला, की चित्रकथा आणि इतिहास यांतील भिंत पडते. सिंहगडच्या लढाईवरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा ज्यांनी ऐकला असेल, त्यांस 'किंगडम' मधील एकही चमत्कार नवा वाटणार नाही. गडाचा किल्लेदार उदेभान. त्यास अठरा बायका, बारा मुलगे, आणि खुराक असा की कारखाननिसाने राजीनामा द्यावा. मावळे गडावर चढून आल्याची वर्दी येते, तर हा स्वतः उठत नाही. आधी चंद्रावळी हत्ती पाठवितो. तो पडला, की सिद्दी हिलाल. तो पडला, की मुलगे. सर्व संपल्यावर मग स्वारी निघते. थोरला शत्रू नेहमी सर्वांत शेवटी उतरतो आणि तोवर त्याचे हस्तक सोयीस्कररीत्या एकामागून एक येऊन मरतात, हा जो जपानी मांगाचा मुख्य आधारस्तंभ, तो आमच्या डफावर शेकडो वर्षांपूर्वी उभा होता. प्रतिपक्षी चंद्रावळी हत्ती, तर स्वपक्षी यशवंती घोरपड. शिवाय ऐंशी वर्षांचे शेलारमामा, ज्यांच्या 'बल' या रकान्यात नातवाने आरंभी ३५ गुण लिहिले होते आणि पोवाडा पुरा ऐकून ते ८८ केले. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र इतिहासाला जेवढी ठाऊक आहे, त्याहून शाहिराला कितीतरी अधिक दिसली. मात्र त्याला कोणी पुरावा मागितला नाही, कारण त्याने सही केली होती ती शाहीर म्हणून.

सैन्याचा आकडा तपासण्याची शास्त्रीय रीत हान्स डेलब्रुक या जर्मन इतिहासकाराने घालून दिली आहे. इराणच्या झर्क्सीस बादशहाने ग्रीसवर कित्येक लक्ष फौज नेली असे हिरोडोटस लिहितो. डेलब्रुकने तो आकडा खोटा असे न म्हणता नुसता रस्त्यावर उभा केला. आणि सिद्ध केले की आघाडीचे लोक थर्मोपिलीस पोहोचले असता पिछाडीचे लोक राजधानीतून नुकते कोठे बाहेर पडत असतील. हीच रीत आपल्या मुलुखास लावून पाहावी, असे ठरवून मी व नातू नकाशा घेऊन बसलो. शाएस्ताखानाबरोबर एक लाख घोडा होता असे सभासद म्हणतात. तो सारा लाख घोडा, समजा, लोणावळ्यापुढील कुरवंड्याच्या घाटाने एकेरी कोकणात उतरवायचा. एका घोड्यास, पुढच्यामागच्या मोकळ्या जागेसह, दहा फूट धरले, तर लाख घोड्यांची रांग तीनशे किलोमीटर होते. म्हणजे पहिला घोडा घाटाच्या तोंडाशी, आणि शेवटचा स्वार सोलापूरच्या आसपास, पुढे काय चालले आहे याचा अंदाज घेत उभा. दोन-दोन घोडे जोडीने चालविले, तरी शेपूट दौंड तालुक्यात राहते. पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणी घाटात पुण्याच्या मोटारींची जी रांग लागते, तिच्यात अर्धा दिवस काढलेल्या मनुष्यास हे गणित पाटी-पेन्सिलीवाचून समजेल.

शाएस्ताखान सुज्ञ असल्यामुळे पुण्यातच राहिला, आणि त्याने कारतलबखानास पाठविले. बरोबर वऱ्हाडची रायबागन, सावित्रीबाई, ही शूर बाई होती. फौज कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरली, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीच्या दाट रानात महाराजांनी तिला पुढून-मागून कोंडले. वाट एकेरी, दोन्ही अंगांस झाडी, घशाला कोरड, आणि झाडीतून येणारे बाण. अशा जागी पाठीमागच्या दहा हजारांचा उपयोग इतकाच, की पुढच्यांना मागे फिरता येत नाही. सिंहाच्या रानात फौज घालून तुम्ही शहाणपण केले नाही, या अर्थाचे रोखठोक बोल रायबागनने खानास ऐकविले, आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खानाने खंडणी भरली आणि वाट मोकळी करून घेतली. या लढाईत कोणाकडे किती माणसे होती, यावर नातू हट्टाने आकडे मागत होते. मी त्यांस म्हटले, खानाच्या रकान्यात तुला वाटेल तो आकडा घाल; जितका मोठा घालशील तितका खान अधिक अडचणीत येईल. 'बुद्धी' या रकान्यात रायबागनला १०० मिळाले. वहीतील ते एकमेव शंभर आहेत.

या हिशेबाने डोंगरी किल्ला म्हणजे थोड्यांनी पुष्कळांना अडविण्याचे यंत्र ठरतो, आणि ते खरेही आहे. परंतु आमच्या कोराईगडाने या सिद्धांतास एक उपसूचना जोडून ठेवली आहे. पायऱ्या चढून गेले की माथ्यावर विस्तीर्ण पठार, भोवती शाबूत तट, कोराईदेवीचे देऊळ, तळी, आणि तोफा, त्यांतली मोठी ती लक्ष्मी. १८१८ च्या मार्चात कर्नल प्रॉथर इंग्रजी पलटण घेऊन खाली येऊन बसला. गड दाद देईना. मग त्याचा एक गोळा नेमका दारूच्या कोठारावर पडला, कोठार उडाले, आणि गड त्याच्या हाती आला, मागोमाग घनगडही. त्या गोलंदाजाने कोठारावर नेम धरला होता, की तो देवळावर धरला होता आणि चुकला, हे कोण सांगणार? नातवाने विचार करून 'नशीब' असा नवा रकाना आखला. मात्र तो आखण्यास वहीत जागा नव्हती, म्हणून 'नेतृत्व' हा रकाना अर्धा करावा लागला.

वही अशी भरत आली असता एके दिवशी नातवाने विचारले, "आपल्या मुळशीचा स्वतःचा सेनापती कोण?" मी म्हटले, आहे; आणि तोही असा, की ती पदवी त्यास येथल्याच लढ्याने दिली. नीला आणि मुळा यांच्या संगमाशी टाटा कंपनीचे धरण बांधायचे ठरले, मुंबईस वीज हवी होती, आणि त्यासाठी मावळातील पन्नासाच्या आसपास गावांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी. गृहस्थ पारनेरचे, डेक्कन कॉलेजात शिकलेले, शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेलेले. पॅरिसला जाऊन बाँब करण्याची विद्या शिकून आलेले. आणि मायदेशी परतल्यावर पहाटे उठून हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडणारे. लोकांनी त्यांस सेनापती म्हटले ते कायमचे.

नातू लेखणी सरसावून बसले. सैन्य? बायाबापड्या, म्हातारे, खाचरांचे धनी; नाईक-हवालदार असा जाबता नाही. शस्त्रे? नाहीत, पुढे १९२४ साली सत्याग्रहाचा जोर ओसरल्यावर मात्र सेनापती स्वतः तलवार-पिस्तूल घेऊन रुळांवर उतरले, धरणाच्या कामाची गाडी अडविली, आणि सात वर्षांची शिक्षा घेऊन गेले. बल? तुरुंगाच्या वर्षांत मोजायचे, की काय? बुद्धीच्या रकान्यात बाँब आणि झाडू या दोहोंची सरासरी कशी काढावी, हे नातवास कळेना, आणि नशिबाच्या रकान्याविषयी मी काही बोललो नाही. पुण्यात त्यांच्या नावाचा एक मोठा रस्ता आहे. हिंजवडीहून येणारे लोक त्यास 'एसबी रोड' म्हणतात, आणि चिरंजिवांना त्या दोन अक्षरांचा विस्तार नातवाकडूनच त्या रात्री कळला.

शेवटी राहिला 'निकाल'. १९२७ च्या सुमारास धरण पुरे झाले, पाणी भिऱ्याच्या वीजघरात पडू लागले, मुंबईत दिवे लागले. नातवाने 'पराभव' लिहिण्यासाठी 'प' काढला आणि माझ्याकडे पाहिले. मी वही ओढून घेतली. बखरकारांनी, शाहिरांनी आणि सिमा छ्यानने आपापल्या आकड्यांखाली आपापल्या सह्या केल्या होत्या. या एका नोंदीखाली सही करण्याचा अधिकार माझा होता, कारण धरणाखाली गेलेल्या जमिनीचे कागद काखोटीस मारून आलेली माणसे मी नोकरीत असताना माझ्या मेजापुढे उभी राहिलेली आहेत, आणि त्यांचे बाप व आजे माझ्या आधीच्या कारकुनांच्या मेजापुढे उभे राहिलेले होते. मी तो 'प' खोडला, आणि हयातभर हजारो कागदांवर लिहिलेला शेरा वळणदार अक्षरांत तेथे लिहिला: तहकूब.

"हे काय असतं, आजोबा?"

"जिंकलेही नाही, हरलेही नाही. पुढची तारीख पडायची आहे."

"कधी?"

चिरंजीव पाटावरून उठता उठता म्हणाले, "अरे, आमच्या बढतीचंही तसंच आहे," आणि हात धुवावयास गेले.